बेळगावच्या फिरायच्या वाटा राखल्या कुणी?

बेळगावात पहाटे फिरायला निघणाऱ्याला जागा शोधत हिंडावे लागत नाही. कॅम्पातले, म्हणजे लष्करी छावणीतले, झाडांनी झाकलेले रस्ते आहेत, टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोचे रान आहे, किल्ल्याच्या खंदकाकडेची वाट आहे. जांबोटी रस्त्याला लागले की पिरनवाडी, किणये मागे पडते आणि पुढे खानापूर तालुक्याचे ऐन‑किंजळीचे जंगल सुरू होते. सुमारे २,५०० फूट उंचीवरची हवा, फारसे चढ नाहीत, त्यामुळे गुडघे कुरकुरणारी माणसेही या वाटांवर तासभर आरामात चालतात. पण यातली एकही जागा चालणाऱ्यांसाठी म्हणून राखलेली नव्हती. कुणी ती तोफांसाठी मोकळी ठेवली, कुणी पलटणीसाठी, कुणी देवीच्या लशीसाठी, कुणी सागवानासाठी. ती कामे संपली किंवा बदलली, झाडे मात्र उरली. हा इतिहास बेळगावकरांना ठाऊक असायला हवा असे मला मनापासून वाटते, कारण या जागांचे पुढे काय करायचे हा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे.

सर्वात जुनी राखण किल्ल्याची. किल्ल्यातली कमलबस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास उभारली. तिच्या छतातून खाली झेपावणारे दगडी कमळ पाहायला आजही लोक लांबून येतात. पुढे बहमनींचा वजीर महमूद गावान याने १४७० च्या दशकात हा किल्ला जिंकला, मग तो विजापूरकरांकडे गेला आणि आसदखान लारीच्या अमलात सफा मशीद उभी राहिली. हा भुईकोट, त्याला डोंगराचा आधार नाही. म्हणून भोवती खोल खंदक हवा आणि खंदकापलीकडे शत्रूला आडोसा मिळणार नाही असे मोकळे मैदान हवे. २० मार्च १८१८ रोजी जनरल मनरोने पेशव्यांच्या या किल्ल्याला वेढा घातला आणि १० एप्रिलला तो इंग्रजांच्या हाती पडला. आज खंदकाच्या बाजूने चालताना एका अंगाला दगडी तट आणि दुसऱ्या अंगाला गवत दिसते, त्यामागे हे लष्करी गणित आहे.

किल्ला घेतल्यावर इंग्रजांनी त्याच्या पश्चिमेला छावणी वसवली. हवा थंड, पाणी पुरेसे आणि गोव्याचे पोर्तुगीज जवळ, एवढी कारणे त्यांना पुरली. छावणीचे नियम कडक होते. बंगल्याभोवती आवार मोठे, दोन बंगल्यांमध्ये अंतर, रस्ते रुंद आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडे. पलटणीला भर उन्हात कूच करावी लागे, तिला सावली हवी होती. १८६९ चे सेंट मेरी चर्च, जुन्या बंगल्यांच्या कौलारू छपरांची रांग, मिलिटरी महादेवाचे देऊळ आणि त्याची बाग हे सगळे त्याच आखणीत बसले आहे. आज इथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. जमीन लष्कराची असल्याने शहर तीनही बाजूंनी फुगत गेले तरी कॅम्पात इमारतींची दाटी झाली नाही. शहापूर‑वडगावच्या गल्ल्यांतून कॅम्पात शिरले की हवेत जो फरक अंगाला जाणवतो, तो या मालकीमुळे.

छावणीला रसद लागत असे आणि ती वेंगुर्ल्याच्या बंदरातून येई. त्यासाठी रामघाटाचा रस्ता होता. बैलगाड्या आणि तांडे याच वाटेने कोकणात उतरत. आंबोलीचा घाट झाल्यावर रामघाट मागे पडला, पण गणेशपूर‑हिंडलग्याकडच्या बाजूला त्याचे नाव रस्त्याला टिकून आहे. आपल्या भागातल्या कित्येक वाटा चालायला सोप्या का वाटतात, याचे उत्तर इथे मिळते. त्या भरल्या गाडीच्या बैलांना झेपतील अशाच काढाव्या लागल्या. जंगलातल्या गाडीवाटाही तशाच. लाकूड ओढणाऱ्या जनावराला जमेल तेवढाच चढ, नाला पार करायचा तर पाणी उथळ असेल तिथेच.

जंगलाची राखण १८७८ च्या वन कायद्याने बदलली. तोवर खानापूरच्या डोंगरउतारांवर कुमरी शेती होई. झाडी तोडून, जाळून, राखेत नाचणी पेरायची आणि दोन‑तीन वर्षांनी दुसरा तुकडा धरायचा. कायद्याने जंगल राखीव झाले, कुमरीवर निर्बंध आले, गवळी‑धनगरांच्या चराईलाही हद्दी पडल्या. रेल्वे आली तशी लाकडाची मागणी वाढली. सागवान मोजून लावले गेले आणि मोजून तोडले गेले. या राखणीची किंमत डोंगरातल्या माणसांनी मोजली, हे आपण सावलीत चालताना विसरता कामा नये. खानापूरच्या बायका उन्हाळ्यात करवंदे, जांभळे घेऊन बेळगावच्या बाजारात बसतात, त्यांचे जंगलाशी नाते कायद्यापेक्षा कितीतरी जुने आहे.

या जंगलखात्याशी बेळगावची एक फार सुंदर आठवण जोडलेली आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले. आधी ते भाटे वकिलांकडे उतरले आणि मग काही दिवस हरिपद मित्र यांच्या घरी राहिले. मित्र इथले वन अधिकारी होते. तुमच्याबरोबर रानात तंबू टाकून राहावे अशी फार इच्छा आहे, पण शिकागोला धर्मपरिषद भरणार आहे, जमले तर तिकडे जाईन, असे स्वामीजी म्हणाल्याचे मित्रांनी लिहून ठेवले आहे. रानातला तो मुक्काम राहूनच गेला. आज किल्ल्यात रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे.

व्हॅक्सिन डेपोविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण रोज हजारो पावले तिथे पडतात आणि नावामागची गोष्ट नव्या पिढीला माहीत नाही. देवीच्या साथीने गावेच्या गावे ओस पडत, त्या काळात लस कारखान्यात होत नसे, जनावराच्या अंगावर वाढवावी लागे. रेडकाच्या पोटाची कातडी भादरून, बारीक ओरखडे काढून त्यात बीज लावत. चार‑पाच दिवसांनी आलेले फोड खरवडून तो गर ग्लिसरीनमध्ये घोटत आणि नळ्यांत भरत. उष्णतेने ही लस लवकर निकामी होई. शीतकपाट नसताना थंड हवेच्या गावाचे मोल त्यामुळे मोठे होते. जनावरे ठेवायची म्हणजे गोठे हवेत, गवत हवे, पाणी हवे आणि वस्तीपासून अंतर हवे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिळकवाडीच्या माळावर ही संस्था उभी राहिली आणि मुंबई इलाख्याला इथून लस जाऊ लागली. कुठल्या खेड्यातल्या कुठल्या बाळाच्या दंडावर बेळगावची लस टोचली गेली असेल, याचा हिशेब कुणी लावणार नाही, पण त्या झाडांखाली चालताना मला तो विचार चुकत नाही.

१९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातूनच गेल्याचे जाहीर केले. लशीची गरज संपली. कुंपण असलेला एवढा मोठा तुकडा शहराच्या मधोमध शिल्लक राहिला, त्यात जुन्या दगडी इमारती, गवत आणि वाढत गेलेली झाडे. लोक आपणहून चालायला येऊ लागले. सभा झाल्या, नाटके झाली, सीमाभागातल्या मराठी माणसांचा महामेळावाही याच मैदानाने पाहिला. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगावचे नाव आले आणि डेपोत बांधकामाचे बेत सुरू झाले, तेव्हा झाडे आणि माळ जपा म्हणून नागरिकांनी आवाज उठवला. तो आवाज योग्य होता असे माझे स्पष्ट मत आहे. फरशी घातलेली बाग कुठेही करता येते, शंभर वर्षे न नांगरलेला माळ पुन्हा तयार करता येत नाही.

टिळकवाडीला लागूनच १९२४ ची आठवण आहे. डिसेंबरात इथे काँग्रेसचे ३९ वे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष होते आणि त्यांनी हे पद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी सारी व्यवस्था उभी केली, तात्पुरत्या नगराला विजयनगर नाव दिले आणि पाण्यासाठी विहीर खणली. काँग्रेस विहीर अजून आहे, शेजारी अधिवेशनाचे स्मारक असलेले वीरसौध आहे आणि रेल्वेमार्गाला धरून जाणारा काँग्रेस रोड सकाळच्या फिरणाऱ्यांचा आवडता रस्ता आहे.

शहराबाहेर पडले की वाटा सीमेला जुमानत नाहीत. श्रावणी सोमवारी बेळगावकर वैजनाथाला जातात. ते देऊळ देवरवाडीचे, शेजारी महिपाळगड, आणि दोन्ही चंदगड तालुक्यात, म्हणजे आज कोल्हापूर जिल्ह्यात. १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, चंदगड मुंबई राज्यातच राहिला आणि बेळगाव, खानापूर म्हैसूरकडे गेले. तेव्हापासून वैजनाथाच्या रानात एका राज्याचे वनखाते आणि पायथ्याच्या शेतांत दुसऱ्या राज्याचे तलाठी. भाविकांच्या पायवाटा मात्र तशाच राहिल्या. शहराची तहान भागवणारे राकसकोपचे धरण याच सीमेच्या कुशीत मार्कंडेय नदीवर आहे. दक्षिणेला येळ्ळूरचा राजहंसगड आहे, आता गाडी वरपर्यंत जाते, तरी पायथ्याच्या भातशेतीतून चालत जाण्यात जी मजा आहे ती गाडीत नाही. येळ्ळूरचा बासमती याच मातीतला.

खानापूरच्या पश्चिमेचे भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटरचे. शिवकालीन भीमगड, म्हादई नदीचे उगमक्षेत्र, बारापेडे गुहांतली दुर्मीळ वटवाघळे त्यात येतात. तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जाऊही नये. हे रान शहरापासून तुटलेले नाही, याची जाणीव ऑगस्ट २०२२ मध्ये झाली. कॅम्पाजवळच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शोधासाठी शिवमोग्याच्या सक्रेबैलू तळावरून हत्ती आणले गेले. लोक घाबरले, ते साहजिकच होते. पण पश्चिमेकडून झाडीचा पट्टा थेट शहरापर्यंत येतो म्हणूनच बिबट्या इथवर पोचू शकला.

आता देशभरातल्या छावण्यांमधला नागरी भाग स्थानिक पालिकांकडे सोपवण्याचे केंद्राचे धोरण आहे आणि त्यात बेळगावचा कॅम्पही आहे. घरपट्टी, पाणी, दुकानांचे परवाने यावर पुष्कळ बोलले जाते. रस्त्याकडेच्या झाडांची आणि बंगल्यांच्या मोकळ्या आवारांची नोंद हस्तांतरणाच्या कागदांत झाड‑न्‌‑झाड मोजून व्हावी, ही मागणी बेळगावकरांनी महापालिका आणि छावणी मंडळ या दोघांकडेही आत्ताच, लेखी करायला हवी.