जोडलेल्या बोटाचा रक्तपुरवठा आणि आमचे तापमानदर्शक यंत्र: रुग्ण व नातेवाइकांसाठी माहिती

चाकण-भोसरीच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर किंवा गोठ्यातल्या कडबाकुट्टीवर तुटलेले बोट आज सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा जोडता येते. पूर्ण तुटलेला अंगठा अशा रीतीने जोडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९६५ साली जपानमध्ये झाली. बोटातील रक्तवाहिन्या जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या असल्याने टाक्याच्या जागी गुठळी होण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतरही राहतो आणि तो पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो. अडथळा वेळीच कळला, तर पुन्हा शस्त्रक्रिया करून बोट वाचवता येण्याची शक्यता असते. म्हणूनच पहिल्या दिवशी साधारणपणे दर तासाला बोट तपासले जाते.

आपल्या रुग्णालयाने आमच्याकडून भाड्याने घेतलेले यंत्र या तपासणीला मदत करते. त्याचा एक संवेदक (तापमान टिपणारा सेन्सर) जोडलेल्या बोटावर आणि दुसरा शेजारच्या धडधाकट बोटावर लावतात. दुसरा संवेदक हा जादाचा नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खोली गार पडली की सगळीच बोटे थंड होतात, त्यामुळे एकट्या बोटाच्या आकड्यावरून पक्के काही ठरवता येत नाही. जोडलेल्या बोटाचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या खाली गेले, किंवा शेजारच्या बोटापेक्षा ते दोन अंशांहून अधिक उतरले, तर सिस्टरांना त्याच क्षणी सांगावे, सकाळच्या राउंडची वाट पाहू नये. संवेदकाची चिकटपट्टी बोटाभोवती पूर्ण गुंडाळू नये, कारण सूज वाढल्यावर तीच पट्टी बोट आवळते. रक्ताने भिजून वाळलेले ड्रेसिंगही तसेच आवळते. ऊब देणारा दिवा संवेदकावर थेट पडत असेल, तर यंत्र दिव्याचीच उष्णता दाखवील.

मात्र यंत्राचा आकडा ठीक आहे म्हणून बोटाकडे पाहणे थांबवू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. बोटाला रक्त पुरवणारी धमनी बंद पडली तर बोट फिके, थंड आणि पिचके होते आणि नख दाबून सोडल्यावर लाली परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो. रक्त परत नेणारी शीर बंद पडली, तर बोट निळे-जांभळे होऊन टणक सुजते आणि लाली नेहमीपेक्षा झटकन परतते. या दुसऱ्या प्रकारात तापमान बरेचदा उशिरा उतरते, म्हणजे डोळ्यांना दिसलेला बदल यंत्राच्या आधीचा असू शकतो. सावळ्या त्वचेवर रंगातील फरक नखाखाली अधिक स्पष्ट दिसतो; तो पांढऱ्या उजेडात पाहावा. नख दाबण्याची तपासणी मात्र सिस्टर किंवा डॉक्टरांनाच करू द्यावी.

यंत्राची तार निघाली किंवा पडदा बंद पडला, तर आम्हाला कोणत्याही वेळी फोन करावा. बोटाविषयी शंका आली, तर आधी वॉर्डमध्ये सांगावे.

विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्री यांतील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. रुग्णाने यांपैकी काहीही घेऊ नये आणि भेटायला येणाऱ्यांनी त्याच्याजवळ धूम्रपान करू नये. मिश्रीची सवय असेल, तर ती संकोच न करता डॉक्टरांना सांगावी. चहा-कॉफी घ्यावी की नाही, हेही त्यांनाच विचारावे. हात उशीवर, डॉक्टरांनी सांगितलेल्या उंचीवर ठेवावा आणि खोलीतील पंखा बोटाच्या दिशेने लावू नये.