फुकटात आलेला ॲनिमोन की ऐप्टेशिया?

दुसऱ्याच्या टाकीतला दगड आपल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवून महिना होत नाही, तोच खाचेतून बोटाच्या पेराएवढं तपकिरी फूल डोकावतं. फुकटात ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) मिळाला म्हणून लोक त्याला कोळंबी भरवायला लागतात. बहुतेक वेळा ते ऐप्टेशिया असतं. तेही ॲनिमोनच, पण तणासारखं पसरणारं. बाजारात क्लाउनफिशसाठी (ॲनिमोनमध्ये राहणारा मासा) जो ॲनिमोन विकला जातो तो बबल टिप. दोघांमुळे मासे मरू शकतात, फक्त वाटा वेगळ्या.

ओळखायला एक बारीक प्लास्टिकची काडी पुरते. ऐप्टेशियाला ती लागली की ते क्षणात बिळात गडप होतं. बबल टिप सावकाश आक्रसतो आणि त्याचे हात काडीला चिकटतात. ऐप्टेशियाचे हात बारीक, टोकदार, अर्धवट पारदर्शक असतात. बबल टिपचे जाड आणि टोकाशी फुगीर. पण टाकीत हे फुगे पुष्कळदा नाहीसे होतात, तेव्हा फुगा नाही एवढ्यावरून निकाल देऊ नका.

बबल टिपचा मोठा धोका म्हणजे तो चालतो. उजेड किंवा प्रवाह मानवला नाही की पाय सोडवून निघतो आणि रात्रीतून वेव्हमेकरमध्ये (टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंप) ओढला जातो. 50 लिटरच्या टाकीत त्याच्या चिंध्या कुजल्या की अमोनिया चढतो आणि सकाळी मासे वर येऊन धापा टाकत असतात. म्हणून ॲनिमोन आणण्याआधीच वेव्हमेकरला आणि फिल्टरच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज बसवा. टाकी निदान 110–120 लिटरची आणि सहा महिने मुरलेली हवी. त्याहून लहान टाकीत बबल टिप ठेवूच नये, असं आमचं ठाम मत आहे. तो काही तास मिटून बसला तर घाबरू नका, पोटातली घाण टाकताना तो आक्रसतोच. तोंड आ वासलेलं, पाय सुटलेला आणि अंगाला घाण वास, अशी लक्षणं दिसली तर मात्र लगेच बाहेर काढा, निम्मं पाणी बदला आणि फिल्टरमध्ये नवा कार्बन (पाण्यातली घाण शोषणारा कोळसा) घाला. संथ मासे त्याच्या हातांत सापडले तर तो खातो. आणि ओसेलारिस क्लाउनफिश ॲनिमोनशिवाय उत्तम जगतो; निसर्गात तो बबल टिपमध्ये राहतही नाही.

मराठवाड्यात यात उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42 अंशांवर गेला की टाकीचं पाणी 30 ओलांडतं. ॲनिमोनला 25–27 हवं. जास्त तापला की तो पांढरा पडतो. पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही आरओच्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्याजवळ असलेल्या. बोअरचं पाणी नको. घनता 1.025 च्या आसपास ठेवा. वीज गेली की बॅटरीवरचा एअर पंप लगेच चालू झाला पाहिजे.

ऐप्टेशियाचं उलट आहे. त्याला जपायचं नाही, मारायचं; पण ओरबाडून नाही. पायाचा कण जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवं उगवतं. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात दाट कालवा, सुईतून जेमतेम जाईल इतपत. हातमोजे आणि चष्मा घाला, हा चुना भाजतो. सगळे पंप बंद करा, सुई हळूच, अंगाला न लावता त्याच्या तोंडाजवळ नेऊन साधारण 1 मिली सोडा, वरून पूर्ण झाका आणि 15–20 मिनिटांनी पंप सुरू करा. लहान टाकीत एका दिवशी तीन-चारच घ्या, नाहीतर पीएच उसळतो आणि मासे दगावतात.

पेपरमिंट झिंगा ऐप्टेशियाची पिल्लं खातो, पण सगळेच झिंगे खातात असं नाही. घेताना पाठ बघा: त्याच नावाने कुबड असलेला, मोठ्या डोळ्यांचा उंट झिंगा विकला जातो. तो ऐप्टेशियाकडे ढुंकूनही बघत नाही.