मे महिन्यात तडकलेला दस्ता

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भाची तिची एअर रायफल घेऊन आली. काळ्या फायबरच्या दस्त्याला, पुढच्या बाजूला जिथे स्क्रू बसतो त्या भोकापासून, केसाएवढी बारीक चीर गेली होती. फूटपट्टी लावली तर १० मिलिमीटर भरली. "मामा, हे चिपकन का?" एवढाच तिचा प्रश्न. परीक्षेमुळे रायफल दोन महिने गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत उभी होती, हे नंतर बोलता बोलता कळलं. बाहेर ४५ अंश असताना नागपुरात पत्र्याखाली काय होतं, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आपण ज्याला सरसकट फायबर म्हणतो ते नेमकं कोणतं प्लास्टिक, हे कळल्याशिवाय गोंदाच्या ट्यूबला हात लावू नये. रायफल रिकामी असल्याची खात्री केली, स्क्रू काढून नळी आणि यंत्रणा बाजूला ठेवली आणि दस्त्याच्या आतल्या बाजूने, जिथे दिसणार नाही तिथून, ब्लेडने एक छोटी कपची काढली. ती पाण्याच्या वाटीत टाकली. पॉलिप्रोपिलिन असतं तर तरंगलं असतं, कारण त्याची घनता पाण्यापेक्षा कमी, ०.९ च्या आसपास असते. कपची बुडाली. मग चिमट्यात धरून तिला काडीची ज्योत दाखवली, तर केस जळल्यासारखा वास आला. हे नायलॉन. एबीएस प्लास्टिक असतं तर काळा धूर आणि काजळी दिसली असती. घासलेल्या कडेवर बारीक चमकते धागे दिसत होते, म्हणजे ताकदीसाठी त्यात काचेचे तंतूही मिसळलेले होते.

बंदुकीच्या दस्त्याला नायलॉन नवीन नाही. अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीने १९५९ मध्ये नायलॉनच्या दस्त्याची .२२ रायफल बाजारात आणली आणि तशा दहा लाखांहून जास्त रायफली बनल्या. पण नायलॉनची एक खोड आहे आणि ती आपल्या हवेशी थेट जोडलेली आहे. नायलॉन पाणी पितं. काच न मिसळलेलं नायलॉन ६ (नायलॉनचाच एक प्रकार) पाण्यात बुडवून ठेवलं, तर वजनाच्या जवळपास ९ टक्के पाणी शोषतं. साधारण दमट हवेतही त्यात अडीच-तीन टक्के पाणी असतं, आणि हेच पाणी त्याला चिवट ठेवतं. नायलॉनच्या लांब साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाण्याचे रेणू मध्ये शिरले की ही पकड सैल होते, साखळ्या थोड्या सरकू शकतात, आणि धक्का बसला तर वस्तू तुटण्याऐवजी किंचित वाकते. कोरडं नायलॉन जास्त ताठ असतं, पण ठिसूळही. विदर्भाचा कोरडा उन्हाळा आणि वर तापलेला पत्रा, यांनी त्या दस्त्यातलं पाणी आठवड्यागणिक बाहेर काढलं होतं. खालच्या खोलीत, कूलरच्या ओलसर हवेत रायफल राहिली असती तर दस्ता सुखात असता. लोखंडी नळी मात्र गंजली असती, म्हणून तिथे ठेवायची तर नळीला तेलाचा हात हवाच.

ठिसूळपणाच्या जोडीला धक्के आले. स्प्रिंगच्या एअर रायफलीत गोळी सुटताना पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाला आदळला की पुढे जाते. असे उलटसुलट धक्के खाऊन स्क्रू ढिले होतात, आणि ढिले झाले की आपण ते वाजवीपेक्षा जास्त आवळतो.

आता चिरेकडे वळू. १९१३ मध्ये चार्ल्स इंग्लिस या इंग्लिश अभियंत्याने जहाजाच्या पत्र्यांतल्या भेगांचं गणित मांडलं. चीर जितकी लांब आणि तिचं टोक जितकं तीक्ष्ण, तितका ताण त्या टोकाशी गोळा होतो. आमच्या १० मिलिमीटर चिरेच्या टोकाची त्रिज्या ०.०१ मिलिमीटर धरली, तर टोकाशी ताण साधारण ६४ पट होतो. त्याच टोकावर ३ मिलिमीटरचं भोक पाडलं की तो ६ पटींच्या आसपास उतरतो. चांगल्या वस्तूला आणखी एक भोक पाडायचं म्हटलं की जीव खालीवर होतो. भाचीने तर डोळे मिटून घेतले. पण चीर थांबते ती तिथेच. नुसता झटपट गोंद भरला तर तो कडक होतो, धक्क्याला तडकतो, आणि तीक्ष्ण टोक होतं तिथेच राहतं.

भोक पाडून झाल्यावर दस्त्याचा आतला भाग खरखरीत पॉलिश पेपरने घासला, तोही नाकाला मास्क लावून, कारण त्या धुळीत काच असते. स्पिरिटने पुसून घेतलं आणि दोन ट्यूबवाला, सावकाश सुकणारा इपॉक्सी गोंद लावून आतून काचकापडाचे दोन थर बसवले. इपॉक्सी लावायला कोरडं नायलॉनच बरं, त्या अर्थाने मे महिना सोयीचा. फक्त उन्हाळ्यात इपॉक्सी लवकर घट्ट होतो, त्यामुळे थोडाथोडाच कालवावा. पॉलिप्रोपिलिनच्या दस्त्याला ही सगळी मेहनत वाया जाते, त्याला साधा इपॉक्सी धरतच नाही.

चीर मुठीपाशी असती तर मी दुरुस्तीला हातच लावला नसता, सरळ नवा दस्ता घ्यायला सांगितलं असतं. मूठ पिरगाळली जाते, वाकवली जाते, आणि तिथे गाल टेकवलेला असतो. परवान्याच्या बंदुकीला तर घरी हात लावूच नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार तिच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो.

१० मीटर एअर रायफल स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दस्ता केसभर हलला तरी नेम तिथून सुटतो, म्हणून भाचीने स्वतः स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारी दस्त्यावर पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. रोज सरावाआधी ती आधी तिथे बघते.