नीरा उन्हाने 'चढत' नाही

"सूर्य वर आला की नीरेची माडी होते," हे वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत कुणीही सांगेल. आमचे आजोबाही सांगत. पण नशा उन्हाने येत नाही, यीस्टने येते. माडाच्या तासलेल्या पोयीतून, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्यातून, गोड रसाचा थेंब मडक्यात पडू लागला की हवेतलं, कालच्या मडक्याला चिकटलेलं यीस्ट लगेच साखरेवर तुटून पडतं. रात्रीच, काळोखात! म्हणून तर नीरेसाठी मडक्याला आतून चुना फासतात. ऊन फक्त घाई करतं. बिनचुन्याचं मडकं सावलीत झाकून ठेवलं तरी काही तासांत फेस येतोच आणि दुपारपर्यंत अल्कोहोल साधारण ४-५ टक्क्यांवर जातं. 'अजून मुरू दे' म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी नुसता वास घ्यावा. व्हिनेगरकडे वाटचाल सुरू झालेली असते. गोव्यात सान्नांच्या, म्हणजे इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाच्या, पिठात घालतात ती माडीही ताजी, फेसाळतीच.