जिब्राल्टरचे किल्लेदार: आमच्या फ्रेमसोबतचे माहितीपत्रक

दुकानात हे चित्र पाहिले की गिऱ्हाईक बहुधा पहिल्यांदा हेच विचारते: हे साहेब कोण, आणि हातात एवढी मोठी किल्ली कसली?

हे जॉर्ज ऑगस्टस एलियट, स्पेनच्या दक्षिण टोकाला समुद्रकाठी असलेल्या जिब्राल्टर या खडकाळ ठाण्याचे ब्रिटिश गव्हर्नर. किल्ली जिब्राल्टरची. जून १७७९ मध्ये स्पेन आणि फ्रान्सने या खडकाला वेढा घातला, तो थेट फेब्रुवारी १७८३ मध्ये उठला. (त्याच १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांच्या दुसऱ्या एका फौजेला मराठ्यांपुढे शरण यावे लागले होते.) सर्वांत मोठा हल्ला १३ सप्टेंबर १७८२ चा. शत्रूने जाड लाकडी भिंतींच्या दहा जहाजांवर तोफा चढवून तरंगते मोर्चे आणले. एलियटच्या गोलंदाजांनी भट्टीत लाल केलेले गोळे त्यांच्यावर सोडले. दुसरा दिवस मावळेपर्यंत दहांपैकी एकही उरले नव्हते.

गडी मोठा काटक. मांस खायचे नाही, दारूला शिवायचे नाही. माणूस किती कमी अन्नावर तग धरतो ते पाहायला त्यांनी वेढ्यातच आठ दिवस रोज चार औंस, म्हणजे जेमतेम ११३ ग्रॅम तांदळावर काढल्याची नोंद तिथल्या एका अधिकाऱ्याने केली आहे.

१७८७ मध्ये ते लॉर्ड हीथफील्ड झाले आणि त्याच वर्षी जोशुआ रेनल्ड्स यांनी हे चित्र रंगवले. किल्लीची साखळी हाताला कशी गुंडाळली आहे ते पाहा. ही किल्ली मागून मिळणार नाही, हे सांगायला दुसरे काही लागत नाही. मागच्या तोफेचे तोंड खाली झुकलेले आहे, ती चित्रकाराची चूक नव्हे. खडक ४०० मीटरहून उंच, शत्रू पायथ्याशी. तोफ खाली रोखून डागता यावी म्हणून कोहलर नावाच्या लेफ्टनंटने वेढ्यातच खास गाडा तयार केला होता. आमच्या मते या चित्राची खरी गंमत त्या कोपऱ्यात आहे, म्हणून फ्रेम करताना आम्ही तो कापत नाही.

मूळ तैलचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १४२ × ११३.५ सेंमी. आमची छपाई २० × १६ इंच. दोन्हींचे प्रमाण जवळजवळ तंतोतंत एक असल्याने कडेचे काहीही जात नाही.

आता स्पष्टच सांगतो: ही आजची छपाई आहे, जुना ठसा नाही. रिचर्ड अर्लम यांनी १७८८ मध्ये या चित्राचे मेझोटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापायचा ठसा, केले होते. त्यात तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने सगळीकडे खरबरीत करतात. तसाच छापला तर कागद मखमलीसारखा काळाभोर उठतो. मग जिथे उजेड हवा तिथे पत्रा खरवडून, घासून गुळगुळीत करायचा. असा जुना ठसा म्हणून कोणी काही विकू लागले तर भिंग लावा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई. खऱ्या ठशाच्या कडेने पत्रा दाबल्याची खोलगट रेघ सहसा बोटाला लागते. मात्र कागद कापलेला असेल तर तीही गेलेली असते.

फ्रेममध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लविरहित आहे. तो काढून साधा पुठ्ठा घालू नका; काही वर्षांत कागदावर पिवळी चौकट उमटते. माउंटमुळेच चित्र काचेला चिकटत नाही. फ्रेम उन्हाच्या थेट समोर नको. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत तर नकोच. खालच्या दोन कोपऱ्यांत मागून रबरी बटणे लावली आहेत, ती उपटू नका. भिंत आणि पाठ यांत हवा खेळती राहते. काच पुसताना द्रव फडक्यावर घ्या, काचेवर फवारलात तर तो कडेने आत उतरतो. दिवाळीच्या साफसफाईत एकदा फ्रेम उतरवून पाठ बघा. कसर किंवा बुरशीचे डाग दिसले तर स्वतः उघडू नका, दुकानात आणा. पाठीवरची पट्टी आम्ही बदलून देतो, त्याचे पैसे घेत नाही. काच फुटली तर मात्र काचेचे पैसे पडतील.