डेटोना ५०० (१९५९)

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील डेटोना बीच येथे २२ फेब्रुवारी १९५९ रोजी झालेली व्यावसायिक स्टॉक कार (नेहमीच्या विक्रीतील मोटारींवर आधारलेल्या गाड्यांची) शर्यत. डेटोना ५०० या वार्षिक शर्यतीची ही पहिली आवृत्ती. सुरुवातीला तिच्या नावात ‘इंटरनॅशनल स्वीपस्टेक्स’ हे शब्द होते. स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेच्या ग्रँड नॅशनल मालिकेत ती मोजली जाते. विजेता ली पेटी (ओल्ड्समोबिल, क्र. ४२), दुसरा जॉनी बोशां (फोर्ड थंडरबर्ड, क्र. ७३). मात्र हा क्रम अधिकृतपणे ठरायला ६१ तास लागले आणि शर्यतीची ख्याती बरीचशी त्यामुळेच आहे.

धावपट्टी : डेटोनातील शर्यती १९५८ पर्यंत समुद्राची वाळू आणि तिला समांतर असलेला महामार्ग यांना जोडणाऱ्या मार्गावर होत. किनाऱ्यावरील वस्ती वाढू लागल्यावर नॅस्कारचे संस्थापक विल्यम (बिल) फ्रान्स यांनी गावाबाहेर २·५ मैल (सु. ४ किमी.) लांबीची कायमची धावपट्टी उभारली. तिची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत. उतारासाठी लागलेली माती मधल्या मोकळ्या जागेतूनच काढली गेली आणि त्या खड्ड्याचे लेक लॉइड हे तळे झाले. इतक्या कललेल्या पट्टीवर वळणावरही वेग फारसा कमी करावा लागत नाही. वाळूत मुरलेल्या चालकांना हा अनुभव नवा होता.

शर्यत : २०० फेऱ्या, ५०० मैल. ५९ मोटारी उतरल्या; बंद छताच्या आणि उघड्या टपाच्या गाड्या एकत्रच धावल्या. ४१,००० हून अधिक प्रेक्षक होते असे मानतात. पहिल्या जागेवरून बॉब वेल्बर्न निघाला. मागून सुरुवात करूनही फायरबॉल रॉबर्ट्स आघाडीवर आला, पण इंधनपंप बिघडल्याने बाहेर पडला. शर्यत एकदाही पिवळ्या (धोक्याची सूचना देणाऱ्या) झेंड्याने मंदावली नाही. पेटीने ताशी १३५·५२१ मैल (सु. २१८ किमी.) सरासरी राखून ती ३ तास ४१ मिनिटांत पूर्ण केली. शेवटच्या टप्प्यात त्याची आणि बोशांची आघाडी वारंवार बदलत राहिली.

निकालाचा वाद : अंतिम रेषेवर तीन गाड्या जवळजवळ एका ओळीत आल्या. तिसरी जो वेदर्लीची शेव्हरले फेऱ्यांमध्ये मागे होती. पहिल्या क्रमांकाशी तिचा संबंध नव्हता, पण डोळ्यांनी निवाडा करणाऱ्यांची दृष्टी तिने नक्कीच विचलित केली असावी. फ्रान्स यांनी बोशांला तात्पुरते विजेता ठरवले आणि विजयमंचावर तोच गेला. पेटीने लगेच हरकत घेतली.

पुढचे तीन दिवस छायाचित्रे गोळा करण्यात गेले. येथे एक तांत्रिक अडचण ध्यानात घेतली पाहिजे : छायाचित्रकार नेमका रेषेच्या सरळीत उभा नसेल, तर कोनामुळे दोन गाड्यांमधले अंतर कमीजास्त, क्वचित उलटेही दिसते. शिवाय गाड्या रेषेच्या किंचित आधी की नंतर टिपल्या गेल्या, हेही ठरवावे लागते. टी. टेलर वॉरन यांचे छायाचित्र या संदर्भात सर्वाधिक छापले जाते. पण निर्णायक पुरावा म्हणून हर्स्ट कंपनीच्या वृत्तपटाची फीत धरली जाते. बुधवार, २५ फेब्रुवारी रोजी पेटी सुमारे दोन फुटांनी (६० सेंमी.) विजयी झाल्याचे जाहीर झाले. सरासरी वेग धरला, तर हे अंतर साधारण एक शतांश सेकंदाचे आहे. नुसत्या नजरेला ते पकडता येईल, ही अपेक्षाच अवास्तव होती.

निकाल मुद्दाम लांबवला, म्हणजे वृत्तपत्रांत शर्यत तीन दिवस गाजत राहील, असे काही लेखक सुचवतात. लाभ झाला हे खरे, परंतु त्यावरून हेतू सिद्ध होत नाही. दुसरे मत अधिक गंभीर आहे : फेऱ्यांची मोजणी हाताने होत असल्याने प्रश्न रेषेवरील फुटांचा नसून मुळात कोणी किती फेऱ्या केल्या याच्या नोंदवहीचा होता. त्या काळी मोजणीच्या चुका अपवादात्मक नव्हत्या, त्यामुळे हे मत सहज बाजूला सारता येत नाही; तरीही चित्रफितीवर आधारलेला अधिकृत निकालच येथे ग्राह्य धरला आहे.

नंतरची वाटचाल : पेटीने त्या वर्षीचे मालिका-विजेतेपद मिळवले (यापूर्वी १९५४ व १९५८). त्याचा मुलगा रिचर्ड याच शर्यतीत उतरला होता, पण इंजिन निकामी होऊन ५७ वा आला. पुढे त्याने डेटोना ५०० सात वेळा जिंकली. आयोवा राज्यातील हार्लनच्या बोशांला ग्रँड नॅशनलमध्ये दोन विजय मिळाले, पहिला त्याच वर्षी अटलांटा येथे. १९६१ मध्ये डेटोनाच्याच पात्रता शर्यतीत पेटी आणि बोशां यांच्या गाड्या एकमेकींवर आदळून कठड्यापलीकडे गेल्या. पेटीला जबर दुखापत झाली आणि त्यानंतर तो मोजक्याच शर्यतींत दिसला. वेदर्ली १९६२ व १९६३ चा मालिका-विजेता ठरला. जानेवारी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील अपघातात त्याचा मृत्यू झाला.