सुई टोचल्यावर बोट पिळू नये

रुग्णाला टोचलेली सुई चुकून आपल्या बोटात घुसली, तर बोट लगेच दाबून ‘वाईट रक्त’ बाहेर काढावे, हा सल्ला वॉर्डात ज्येष्ठ परिचारिका नव्यांना वर्षानुवर्षे आपुलकीने देत आल्या आहेत. मात्र तो चुकीचा आहे. पिळल्याने विषाणू बाहेर पडतात याला पुरावा नाही, उलट जखमेभोवतीच्या ऊतींना आणखी इजा होऊ शकते. जखम पिळू नये, बोट तोंडात घालू नये, ब्लीचसारखी दाहक द्रव्ये लावू नयेत, असे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. जखम धुण्यासाठी साबण आणि वाहते पाणी पुरेसे आहे.

या समजुतीचा मोठा तोटा म्हणजे पिळून झाल्यावर वाटणारा निर्धास्तपणा. एचआयव्हीबाधित रक्ताच्या सुईमुळे संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो २ तासांत, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ‘मेट्रन (मुख्य परिचारिका) रागावतील’ या भीतीने गप्प राहण्यात नेमके हेच तास निघून जातात, आणि त्यात रागावणाऱ्यांचा दोष मला अधिक वाटतो.

वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी पुन्हा टोपण लावणे हीदेखील काळजी मानली जाते. प्रत्यक्षात अनेकदा सुई टोचते ती त्याच क्षणी. ती टोपणाविनाच, पांढऱ्या, अर्धपारदर्शक आणि सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात टाकावी.